तेलाचा पंप की कोरडा? आधी त्या काट्याचं बोलू

प्रश्न

नाशिकच्या एका वाचकांचं पत्र आहे. वय पन्नाशीचं, अंबडला छोटा कारखाना, हातात खासगी वैमानिकाचं लायसन्स. दोन मित्रांसोबत तिघांत मिळून त्यांनी एक जुनं सेसना १७२ एम घेतलं आहे. ते खानदेशातल्या एका धावपट्टीवर भाड्याच्या हँगरमध्ये असतं. गेल्या चार वर्षांत या विमानाचे तीन ड्राय व्हॅक्यूम पंप (पॅनेलवरची काही उपकरणं चालवण्यासाठी हवा ओढणारे, तेलाशिवाय चालणारे) गेले. पहिला साधारण ३५० तास चालला, दुसरा १४०, तिसरा जेमतेम ६०. दुसरा पंप बसवल्यावर सक्शन गेज (हवेची ओढ दाखवणारा काटा) चारच्या आसपासच दाखवायचा, म्हणून ओढ कमीजास्त करणारा रेग्युलेटर ‘थोडा आवळून घेतला’. तिसरा पंप हवेत असतानाच गेला. दिवस स्वच्छ होता, काही बिघडलं नाही. शेजारी बसलेल्या मुलीनं विचारलं, ‘‘बाबा, हा काटा शून्यावर का आहे?’’ तेव्हा कुठे कळलं.

आता तीन पक्ष पडले आहेत. एके काळी फ्लाइंग क्लबात मेकॅनिक असलेले मामा म्हणतात, ‘‘ही कार्बनची खेळणी काढ, तेलावरचा वेट पंप लाव, इंजिन संपेल पण पंप संपणार नाही.’’ डॉक्टर भागीदार म्हणतात, नवा ड्राय पंप लावा, तोच स्वस्त. तिसरा भागीदार वयानं लहान, आयटीतला. त्याला पंपच नको, गायरो (हवेवर फिरणाऱ्या चाकाची उपकरणं) काढून इलेक्ट्रॉनिक उपकरणं हवीत. देखभाल करणारे इंजिनिअर ‘मालक म्हणतील तसं’ म्हणून मोकळे झालेत. वाचकांचा स्वतःचा कल मामांकडे आहे. कारखान्यातला अनुभव सांगतो, तेलावर चालतं ते टिकतं. ताजा कलम: प्रॉपेलर हातानं उलटा फिरवला तर ड्राय पंप मोडतो, हे खरं का?

उत्तर

तुमचं पत्र साडेतीन पानांचं आहे. त्यातली सव्वातीन पानं पंपांची, भागीदारांची आणि मामांची. मुलीनं विचारलेल्या प्रश्नावर फक्त दोन ओळी, त्याही ‘सुदैवानं हवा स्वच्छ होती’ असं म्हणून आवरलेल्या. मी उलट क्रमानं जाणार आहे.

तो काटा शून्यावर किती वेळ होता? पत्रात नाही, कारण तुम्हालाही ते माहीत नाही. पाच मिनिटं असेल, चाळीस असेल. पंप कुठला घ्यायचा यापेक्षा मला हे जास्त खुपलं.

ज्यांच्याकडे विमान नाही पण सदर वाचतात, त्यांच्यासाठी थोडक्यात. छोट्या विमानाच्या पॅनेलवर दोन उपकरणं बहुधा हवेवर चालतात. एक आर्टिफिशियल होरायझन, म्हणजे विमान किती कललंय आणि नाक वर आहे की खाली हे दाखवणारं. दुसरं डायरेक्शनल गायरो, दिशा दाखवणारं. इंजिनाच्या मागच्या बाजूला बसवलेला पंप या उपकरणांच्या पेटीतली हवा ओढतो. तिथं फिल्टरमधून आलेली केबिनची हवा शिरते आणि आतल्या चाकावर आदळून ते मिनिटाला हजारो फेऱ्यांनी फिरवते. ओढ किती हवी? साधारण ४.५ ते ५.५ इंच पारा. नेमका आकडा आपापल्या विमानाच्या पुस्तकात असतो. तेवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

आता पंप बंद पडला की होरायझन धाडकन आडवा होत नाही. होत असता तर बरं झालं असतं, लगेच लक्षात आलं असतं. आतलं चाक काही मिनिटं आपल्याच वेगानं फिरत राहतं, हळूहळू मंदावतं आणि चित्र गुपचूप कलायला लागतं. उन्हात वैमानिक बाहेर बघत असतो, म्हणून निभावतं. पण डिसेंबरातली निफाडकडची धुक्याची सकाळ घ्या, किंवा जूनमध्ये इगतपुरीच्या अंगानं चढून आलेला ढग घ्या. क्षितिज पुसलं गेलं की डोळे पॅनेलवर येतात, आणि तिथं एक मरत चाललेलं उपकरण खात्रीनं खोटं सांगत असतं. हात त्याच्यामागे जातो. कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा अशा वेळी काही कामाची नसते, उलट तीच फसवते. अशा अपघातांत मोडलेला पंप निमित्त असतो. न पाहिलेला काटा आणि न केलेला सराव ही खरी कारणं.

तुम्ही म्हणाल, आम्ही ढगात जात नाही. मान्य. आपल्याकडे व्हीएफआर, म्हणजे बाहेर बघून करायचं उड्डाण दिवसाउजेडीच करायचं असतं; स्थानिक आणि प्रशिक्षणाच्या उड्डाणांना हवाई वाहतूक नियंत्रण (एटीसी) सूट देतं तेवढंच. पण ढगात ‘जायचं नाही’ असं ठरवून निघालेल्या माणसालाच ढग गाठतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे, पश्चिमेला घाट, उत्तरेला सप्तशृंगीपासून साल्हेरपर्यंतची रांग. साल्हेर १५६७ मीटर, कळसूबाई १६४६. खानदेशातून परत येताना चांदवडच्या पुढे पायथा दिसतो आणि माथे दिसत नाहीत, हा प्रसंग तुमच्यावर आला नसेल असं मी मानत नाही.

म्हणून पंपाची निवड काहीही होवो, दोन गोष्टी त्याच्या आधी करा. एक, ओढ कमी झाली की पेटणारा दिवा नजरेसमोर बसवून घ्या. एक प्रेशर स्विच आणि एक दिवा. विमानावरची ही सर्वांत कमी खर्चाची आणि सर्वांत कमी लावली जाणारी वस्तू. सक्शन गेज छोटा असतो, कोपऱ्यात असतो आणि पन्नाशीनंतर कोपऱ्यातलं दिसणं कमी होतं. मी स्वतःवरून सांगतो. दुसरी गोष्ट, प्रशिक्षक शेजारी घेऊन होरायझन आणि डायरेक्शनल गायरोवर कागद चिकटवा आणि तासभर उडा. उरतं काय? वळण दाखवणारा टर्न कोऑर्डिनेटर (बहुतेक १७२ मध्ये तो विजेवर असतो, पण तुमच्यात आहे ना हे बघा), वेगाचा काटा, उंचीचा काटा आणि होकायंत्र. यांचा पंपाशी संबंध नाही. यांच्यावर सरळ उडता आलं आणि १८० अंशांत मागे वळता आलं, तर तुमचा पंप ‘जिवावरचा’ राहत नाही, ‘खर्चाचा’ होतो. मग तिघं भागीदार निवांत भांडा.

आता पंप.

तुम्ही तीन आकडे दिलेत: ३५०, १४०, ६०. त्यावरून निष्कर्ष काढलात की ड्राय पंप वाईट. तुमच्या कारखान्यात एकाच मशिनवर एकाच बनावटीचं बेअरिंग वर्षानं गेलं, मग पाच महिन्यांनी, मग दोन महिन्यांनी, तर तुम्ही बेअरिंग बनवणाऱ्याला शिव्या द्याल का? शाफ्ट बघाल. पंपच वाईट असते तर आकडे वरखाली झाले असते. तुमचे आकडे पायरी-पायरीनं उतरताहेत. पंपाबाहेर काहीतरी साठत चाललंय आणि प्रत्येक नवा पंप जुन्याचं देणं फेडतोय, असं मला त्यात दिसतं.

ड्राय पंपाच्या आत कार्बनचा रोटर असतो, त्याच्या खाचांत कार्बनच्या पात्या. फिरताना पात्या बाहेर फेकल्या जातात, भिंतीला घासतात, आणि घासून जी ग्राफाइटची बारीक पूड होते तीच त्यांचं वंगण. म्हणजे स्वतःला झिजवत चालणारं यंत्र. पाती झिजून आखूड झाली की एक दिवस खाचेत तिरकी होते, अडकते, मोडते, आणि क्षणात सगळ्या रोटरचे तुकडे होतात. पंप जाम झाला की इंजिन ओढलं जाऊ नये म्हणून मधलं प्लॅस्टिकचं कपलिंग मुद्दाम कच्चं ठेवलेलं असतं, ते तुटतं. इंजिन सुरक्षित, पंप मेला. आधी सूचना नाही. मामांचा राग याच गोष्टीवर आहे आणि तो रास्त आहे.

पण त्या तुकड्यांचं पुढे काय होतं? पंप फुटताना काही कण मागे, उपकरणांकडच्या नळ्यांत जातात. नवा पंप बसवून इंजिन चालू केलं की तो पहिल्याच दिवशी हेच कण स्वतःच्या पोटात ओढतो. काचेसारखा ठिसूळ रोटर आणि वर ही खडी. प्रत्येक पंप गेल्यावर नळ्या काढून, उलट बाजूनं हवा मारून साफ केल्या का? फिटिंग्ज धुतल्या का? पन्नास वर्षांच्या विमानातल्या रबरी नळ्या बदलल्या का? जुन्या नळीचा आतला थर सुटतो आणि त्याचे पापुद्रे आत लोंबतात. बाहेरून नळी ठणठणीत दिसते. पत्रात याचा उल्लेख नाही. मला वाटतं, झालेलं नाही.

इथं एक कबुली देतो. नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका क्लबाच्या विमानावर मी लागोपाठ दोन पंप बसवले आणि दोन्ही गेले. तिसऱ्या वेळी आमच्या वरिष्ठांनी मला शिव्या न देता फक्त फिटिंग उघडायला लावलं. आट्यांवर मीच गुंडाळलेल्या टेफ्लॉन टेपची धांदोटी आत डोकावत होती. नळाला गुंडाळायची सवय हाताला होती, तीच इथं लावली होती. पंप बनवणारे टेप नको म्हणून बजावून सांगतात. मी ते वाचलं नव्हतं. तेव्हापासून एखादा म्हणाला की ‘हल्ली पंप चांगले येत नाहीत’, की मी आधी त्याची फिटिंग्ज बघतो.

तुमचा रेग्युलेटर हा दुसरा संशयित, आणि माझा पैसा याच्यावर लागलाय. गेज चार दाखवत होता, तुम्ही रेग्युलेटर आवळून तो पाचावर आणलात. काटा खूश झाला. पण काटा खाली का आला होता? मुख्य फिल्टर तुंबला असेल, नळी कुठे दुमडली असेल, जोड गळत असेल. ते कारण तसंच ठेवून ओढ वाढवली की पंपाला तेवढीच हवा द्यायला जास्त राबावं लागतं, तो तापतो, आणि कार्बनला उष्णता मानवत नाही. ताप आला म्हणून थर्मामीटर झटकण्यातला हा प्रकार आहे. तुमच्या डॉक्टर भागीदारांना विचारा. रेग्युलेटर हा शेवटचा स्क्रू. आधी फिल्टर नवे, मग नळ्या, मग जोड, आणि सगळं स्वच्छ असूनही काटा खाली असेल तरच रेग्युलेटर. रेग्युलेटरवरचा छोटा फोमचा फिल्टर साधारण दर १०० तासांनी आणि पॅनेलमागचा मुख्य फिल्टर ५०० तासांनी बदलायची पद्धत आहे. आपल्या धुळीत मी मुख्य फिल्टरला तासांची वाट बघू देत नाही, वर्षाच्या तपासणीला बदलून टाकतो.

तिसरा संशयित तेल. ड्राय पंपाचा सगळ्यांत मोठा शत्रू म्हणजे वेट पंपाचा सगळ्यांत मोठा मित्र. पंप जिथं इंजिनाला जोडला जातो तिथं एक ऑइल सील असतं. ते गळू लागलं की इंजिनाचं तेल कोरड्या पंपात झिरपतं, कार्बनच्या पुडीत मिसळतं आणि काळा गाळ तयार होतो. पात्या खाचेत चिकटतात. तपासणीआधी इंजिन सॉल्व्हंटनं धुताना पंप झाकला नाही, तर तोच परिणाम. फवारा मारणाऱ्या पोऱ्याला कोणी सांगितलेलं नसतं.

म्हणून, तिसरा पंप अजून हँगरमध्ये पडला असेल तर भंगारात देऊ नका. त्याला आता किंमत नाही, फोडून बघा. आत कोरडी, पावडरीसारखी काळी पूड असेल तर तेलाला सोडून द्या, खडीकडे आणि रेग्युलेटरकडे वळा. चिकट काळं काजळ असेल तर सील. पात्यांची लांबी अजून भरपूर शिल्लक असेल, तर पंप झिजून मेला नाही, कोणीतरी मारला. साठ तासांत तो झिजणं शक्यच नाही, तेव्हा शेवटचं उत्तर मला जवळजवळ माहीत आहे.

मामांना माझा नमस्कार सांगा. ते म्हणतात त्यात खोटं काही नाही. वेट पंपाच्या पात्या धातूच्या, इंजिनाचंच तेल पंपाच्या बैठकीतल्या छिद्रातून आत येतं आणि त्यांना भिजवतं. तो एकदम फुटत नाही. थकत गेला तर ओढ हळूहळू कमी होते, महिनोन्‌महिने आधी काटा सांगतो. तुमच्या १७२ एमच्या लायकॉमिंग ओ-३२० इंजिनाची ओव्हरहॉलची, म्हणजे पूर्ण उघडून नव्यानं करायची मुदत २००० तास. चांगला वेट पंप ती सहज गाठतो, पुढेही चालतो. असं असूनही जग १९६० च्या दशकापासून कोरड्या पंपाकडे का वळलं?

उत्तर तुमच्या अंबडमध्येच आहे. छापखान्यात किंवा पॅकिंगच्या मशिनवर कागद उचलणारा व्हॅक्यूम पंप बघा. बहुतेक ठिकाणी कोरडा, कार्बनच्या पात्यांचा. तेलाचा पंप जास्त टिकतो हे छापखानेवाल्याला कळत नाही असं नाही, पण त्याला कागदावर तेलाचे तुषार नको असतात. आणि पलीकडे सिन्नरच्या एखाद्या गोठ्यात दूध काढायच्या मशिनवर तेलाचा पंप निवांत घरघरत असतो, कारण तिथं धूर कुठे जातो याचं कोणाला काही नसतं. ‘तेलावर चालतं ते टिकतं’ हा तुमचा नियम अर्धा आहे. उरलेला अर्धा: तेल जातं कुठे?

विमानात ते पंपातून हवेबरोबर बाहेर पडतं. म्हणून सेपरेटर लागतो. तो हवेतलं तेल पकडून इंजिनात परत पाठवतो, पण सगळं नाही पकडत. उरलेलं विमानाच्या पोटावर, तर्रीसारखा तवंग. ज्या विमानांच्या पंखांवर बर्फ फोडणारे रबरी बूट असतात, त्यांत पंपाची बाहेर पडणारी हवाच ते फुगवायला वापरतात आणि तेलानं ते रबर खराब होतं. तिथं कोरडा पंप सोयीचा ठरला. तुमच्या १७२ ला बूट नाहीत, नाशिकला त्यांची गरजही नाही, म्हणजे तो आक्षेप तुम्हाला लागू नाही. वजन, जागा आणि किंमत मात्र लागू आहेत. वेट पंप आणि सेपरेटर मिळून जड, नळ्या जास्त, पैसे जास्त. बसवल्यावर वजनाचा कागदही नव्यानं करावा लागतो.

त्याहून आधीचा प्रश्न असा की तुमच्या इंजिनाच्या त्या बैठकीला तेलाचं छिद्र आहे का? काही इंजिनांत ते असतं आणि ड्राय पंपासाठी बंद केलेलं असतं, काहींत मुळातच नसतं. गॅस्केटही दोघांचं वेगळं. हे इंजिनाच्या पार्ट्स कॅटलॉगवरून आणि प्रत्यक्ष पंप काढूनच कळतं, फोनवर नाही. आणि भारतात नोंदणी असलेल्या विमानावर असा बदल ‘मामांनी सांगितलं’ म्हणून होत नाही. त्याला मान्य डेटा, म्हणजे त्या बदलाचे मंजूर तांत्रिक कागद लागतात. सीएआर-एम या देखभालीच्या नियमांखाली तुमच्या विमानाची जबाबदारी ज्या संस्थेकडे आहे, तिनं तो डेटा दाखवला आणि डीजीसीए या हवाई नियामकाच्या कागदांत तो बसला, तरच स्पॅनर उचलायचा. ‘मालक म्हणतील तसं’ म्हणणाऱ्या तुमच्या इंजिनिअरना हे विचारा. पंप निवडणं मालकाचं काम असेल. तो बसतो की नाही हे सांगणं त्यांचं.

आयटीतल्या भागीदाराचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. तिघांत तोच एकटा मूळ प्रश्नाच्या जवळ आहे. गार्मिनचं जी५ हे इलेक्ट्रॉनिक उपकरण अमेरिकेत २०१६ मध्ये प्रमाणित विमानांसाठी मंजूर झालं. त्याला स्वतःची बॅटरी आहे आणि पूर्ण भरलेली असेल तर ती चारेक तास चालते. फिरणारं चाक नाही, पंप नाही, नळ्या नाहीत. अशी दोन बसवली की वेट-ड्रायचा वाद विमानाबरोबर हँगरबाहेर जातो. पण ‘अमेरिकेत मंजूर’ आणि ‘तुमच्या विमानावर मंजूर’ या दोन वाक्यांमध्ये कागदांचा एक राहुड घाट आहे, तो चढायची तयारी ठेवा. ऑटोपायलट असेल तर तो त्या जुन्या गायरोवरून तर चालत नाही ना, हे आधी बघा. आणि एक सावधगिरी. सगळं विजेवर नेलंत की अल्टरनेटर हाच तुमचा नवा पंप होतो. बॅटरीची तपासणी चुकवायची नाही.

माझं स्वतःचं मत विचाराल तर मधला रस्ता. पंप ठेवा, डायरेक्शनल गायरो हवेवर राहू द्या, आणि होरायझन म्हणून एक बॅटरीवालं इलेक्ट्रॉनिक उपकरण कागद पुरे करून बसवा. मग पंप गेला तर वीज आहे, वीज गेली तर उपकरणाची बॅटरी आहे. दोन्ही एकाच दिवशी जायला नशीब फारच फिरावं लागेल.

डॉक्टरांना एवढंच सांगा की स्वस्त पंप म्हणजे बिलावरचा कमी आकडा नव्हे. खर्चाला चाललेल्या तासांनी भागा. तुमचा तिसरा पंप त्या हिशेबात सगळ्यांत महाग पडला, आणि कारण न शोधता चौथा लावलात तर तो त्याहून महाग पडेल.

तर क्रम असा ठेवा. आधी विमान जमिनीवर, पंपाचं पोस्टमॉर्टेम. मग सगळ्या नळ्या नव्या, फिटिंग्ज टेपशिवाय, दोन्ही फिल्टर नवे, ऑइल सील नवं, रेग्युलेटर मूळ जागी आणून पुस्तकाप्रमाणे पुन्हा लावलेला. मग नवा ड्राय पंप, शक्यतो झीज बघायची खिडकी असलेला. हल्ली असे पंप मिळतात; झाकणी काढून पाती किती उरली ते मोजता येतं, म्हणजे ‘सूचना न देता मरतो’ हा मामांचा आक्षेप बराचसा निकालात निघतो. पंपाबरोबर रिलीज सर्टिफिकेट, म्हणजे भाग विमानावर वापरण्याजोगा असल्याचा दाखला बघून घ्या, आपल्याकडचा सीए फॉर्म १ किंवा अमेरिकेच्या एफएएचा ८१३०-३. ‘ओळखीचा आहे, चालेल’ हा शब्द पंपाच्या बाबतीत कानावर घेऊ नका. पंप कधी बसवला ते लॉगबुकात मोठ्या अक्षरांत, आणि बनवणाऱ्यानं सांगितलेले तास भरले की तो चालत असतानाच काढायचा. चालत्या पंपाला निवृत्त करताना मन दुखतं. तुमच्या कारखान्यातला कन्व्हेअरचा पट्टा तुम्ही तुटायची वाट बघून बदलत असाल, तर ही सवय इथं सोडावी लागेल.

वेट पंपाचा विचार कायमचा सोडू नका, पुढे ढकला. इंजिनाचं ओव्हरहॉल येईल तेव्हा बैठक तशीही उघडी असते. छिद्राचा, डेटाचा आणि पैशांचा निकाल त्या वेळी एकदमच लावा. विमान आणखी दहा-पंधरा वर्षं तुमच्याकडेच राहणार असेल आणि इंजिन परवानगी देत असेल, तर मामांचं ऐकायला मी तेव्हा विरोध करणार नाही.

हे वाचणाऱ्या फ्लाइंग क्लबांसाठी दोन शब्द. तुमचं विमान रोज उडतं, तास भराभर भरतात, म्हणून तुम्हाला पंप तासांवर बदलणं सोपं आहे. उलट ज्यांचं विमान महिन्यातून दोनदा बाहेर निघतं, त्यांना तासांवर विसंबून चालत नाही. तास भरत नाहीत पण कपलिंगचं प्लॅस्टिक आणि नळीचं रबर म्हातारं होतंच. बनवणारे त्यासाठी वर्षांची मर्यादाही देतात, ती ओळ सहसा कोणी वाचत नाही.

उरला तुमचा ताजा कलम. बऱ्याच ड्राय पंपांच्या खाचा तिरक्या कापलेल्या असतात, म्हणून तो पंप एकाच दिशेनं फिरायला बनवलेला असतो. पार्ट नंबरमध्येच ती दिशा दिलेली असते आणि ती तुमच्या इंजिनाशी जुळते का, हेही एकदा बघून घ्या. हळू हातानं प्रॉपेलर थोडा मागे गेला तर पंप लगेच मोडतोच असं नाही, यावर इंजिनिअर मंडळींत वाद आहेत आणि दोन्ही दिशांना फिरणारे पंपही बनतात. पण पाती आधीच झिजून आखूड झाली असेल, तर उलट फिरताना ती खाचेत अडकायला तेवढंच निमित्त पुरतं. हँगरमधून विमान काढताना प्रॉपेलर आडवा हवा म्हणून मागे ढकलायची सवय अनेकांना असते. ती मोडा. आणि पुढे फिरवतानाही मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारं यंत्र) बंद आहे यावर विश्वास ठेवून त्याच्या वाटेत उभे राहू नका. किल्ली खिशात असली तरी अर्थिंगची एक तार तुटलेली असणं इंजिन अचानक सुरू व्हायला पुरेसं असतं.